कुत्रा मेला, त्याचा कॅन्सर जिवंत आहे

कॅन्सरच्या पेशंटचं ताट-वाटी वेगळं ठेवणारी घरं आजही आहेत, चांगली शिकलेली. माणसाचा कॅन्सर शेजारी जेवल्यानं लागत नाही. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो हे खरं, पण तिथे पसरतो तो विषाणू, कॅन्सरची पेशी नव्हे.

कुत्र्यांत मात्र पेशीच फरार होते. आपल्याकडच्या पशुवैद्यांना हा आजार ‘टीव्हीटी’ (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, म्हणजे समागमातून पसरणारी गाठ) या नावानं चांगला माहीत आहे. भटक्या कुत्र्याच्या जननेंद्रियावर खडबडीत, लालसर, जरा धक्का लागला की रक्त येणारी गाठ दिसते. समागमात, कधी हुंगता-चाटताना, तिच्यातल्या जिवंत पेशी सुटतात आणि दुसऱ्या कुत्र्यात रुजतात. १८७६ च्या सुमारास रशियात नोविन्स्की या पशुवैद्यानं गाठीचा तुकडा एका कुत्र्यातून दुसऱ्यात लावून दाखवला होता. खरा उलगडा २००६ मध्ये झाला. लंडनच्या रॉबिन वाइस यांच्या गटाला गाठीचा डीएनए ती बाळगणाऱ्या कुत्र्याशी जुळेना. इटली, भारत, केनियातल्या गाठी मात्र एकमेकींशी जुळल्या. मूळ कुत्रा एकच! २०१९ च्या अंदाजानुसार तो ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात होऊन गेला.

परकी पेशी पकडली कशी जात नाही? बहुतेक पेशी पृष्ठभागावर एमएचसी नावाची प्रथिनं मिरवतात. ती परकी दिसली की शरीराच्या रक्षक टी-पेशी तुटून पडतात; किडनी बसवताना जुळवाजुळव करावी लागते ती यामुळेच. टीव्हीटीची पेशी एमएचसी जवळजवळ उतरवूनच टाकते. पण एमएचसी अजिबात नसलेल्या पेशींना मारायला एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या रक्षक पेशी टपलेल्या असतात. म्हणून ती थोडी शिल्लक ठेवत असावी, असा तर्क आहे. शिवाय ती टीजीएफ-बीटा हे प्रथिन सोडून आसपासच्या रक्षक पेशींना थंड करते. पुढे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट या रक्षक पेशी आयएल-६ नावाचं प्रथिन सोडतात, ते हा परिणाम मोडून काढतं, एमएचसी पुन्हा दिसू लागते, आणि धडधाकट कुत्र्यात गाठ बऱ्याचदा आपोआप विरते. तोवर तिच्या पेशी पुढच्या कुत्र्यात पोचलेल्या असतात.

याहून भन्नाट प्रकार मायटोकाँड्रियाचा. पेशीला ऊर्जा देणाऱ्या या घटकाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. गाठींचा केंद्रकातला डीएनए जगभर एकाच वंशाचा, पण मायटोकाँड्रियाचा डीएनए पाहिला तर निरनिराळ्या कुत्र्यांचा! हजारो वर्षांत स्वतःच्या मालात बिघाड साचत असावा; तो टाकून ही पेशी यजमान कुत्र्याचा ताजा माल पळवते. असं निदान पाच वेळा घडल्याचं २०१६ मध्ये दिसलं.

इतक्या चलाख पेशीला सहसा भारी पडतं ते व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरवरचं औषध, दर आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शनं. हे औषध मुळात आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालं. पण म्हणून ‘रोज चार पानं चावा, कॅन्सर पळवा’ असले मेसेज पुढे ढकलू नका. पानात व्हिन्क्रिस्टिन नाममात्र असतं, बाकीची विषारी अल्कलॉइडं मात्र पोटात जातात. औषध द्यायचं तर शुद्ध करून, मोजून, थेट शिरेतून; शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी जळते.

ब्रिटनमध्ये मोकाट कुत्री आटोक्यात आली तसा हा आजारही जवळजवळ नाहीसा झाला. तिथे आता सापडतो तो बाहेरदेशांतून आणलेल्या कुत्र्यांत.