'अमुक उभा राहिला तर?' : अमेरिकेतल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये आहे. उमेदवार ठरायला अजून अवकाश असतानाच मतदारांना विचारलं जातं, "आज मतदान झालं आणि रिपब्लिकनांकडून अमुक, डेमोक्रॅटांकडून तमुक उभे असले, तर मत कुणाला द्याल?" लढत गृहीत धरलेली असते, पण तिची टक्केवारी निकालासारखी छापून येते. मग देणगीदारांपासून साध्या मतदारापर्यंत सगळे त्यावरून ठरवू लागतात, आपल्यापैकी निवडून येण्यासारखा कोण.

कौल घेण्याची प्रथा जुनी आहे. जुलै १८२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या एका वृत्तपत्राने शेजारच्या डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनचा राष्ट्राध्यक्षपदाचा कौल छापला: अँड्र्यू जॅक्सन ३३५, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स १६९, हेन्री क्ले १९, विल्यम क्रॉफर्ड ९. पुढे देशभरातही सर्वांत जास्त मतं जॅक्सन यांनाच पडली. पण अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर; त्यांचं बहुमत कुणालाच मिळालं नाही आणि संसदेच्या प्रतिनिधिगृहाने अ‍ॅडम्स यांना निवडलं. लोकांना कोण हवा आणि खुर्चीवर कोण बसणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तिथेच दिसलं होतं. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन सुमारे २९ लाख मतांनी पुढे राहूनही हरल्या, तेव्हा ते पुन्हा दिसलं.

आधुनिक मतचाचणी उभी राहिली १९३६ मध्ये. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून अधिक कार्डं भरून परत आली होती, आणि त्यावरून त्यांनी रिपब्लिकन आल्फ्रेड लँडन हे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हरवणार असं सांगितलं. लँडन यांना मिळाली फक्त दोन राज्यं, मेन आणि व्हरमाँट. जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर, पण निवडून घेतलेल्या लोकांना विचारून रूझवेल्ट यांचं नाव दिलं आणि त्यांच्या पद्धतीला मान मिळाला.

पण गृहीत लढतीच्या आकड्यांवर उमेदवारीच मागायची, हे घडलं १९६८ मध्ये, आणि तो प्रसंग नीट सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी मार्चमध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतून अंग काढून घेतलं होतं. एप्रिलच्या अखेरीस ते परतले, तेव्हा अधिवेशनात उमेदवार निवडणारे पक्षाचे बहुतेक प्रतिनिधी रिचर्ड निक्सन यांच्या बाजूला गेले होते. रॉकफेलर यांच्याकडे एकच मुद्दा उरला: निक्सन हरतील, मी जिंकेन, आणि चाचण्याच ते दाखवतील. त्यासाठी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. ऑगस्टमध्ये मायामी बीचला पक्षाचं अधिवेशन भरायचं होतं. त्याच्या थोडंच आधी गॅलपचे आकडे आले: डेमोक्रॅट ह्युबर्ट हम्फ्री यांच्यापुढे निक्सन दोन टक्क्यांनी पुढे, रॉकफेलर मात्र बरोबरीत. ज्या फांदीवर सगळा भार टाकला होता, तीच मोडली. लगोलग लुई हॅरिस यांच्या संस्थेचे आकडे आले आणि ते नेमके उलटे होते. गोंधळ इतका झाला की चाचणीवाल्यांना एकत्र निवेदन काढून, मुलाखतींच्या तारखा वेगळ्या असल्याने फरक पडला, असा खुलासा करावा लागला. निक्सन यांना पहिल्याच फेरीत उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये ते एका टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. रॉकफेलर जिंकले असते का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. या प्रश्नाची मुळातली अडचण हीच आहे. ज्याची परीक्षा कधी झालीच नाही, त्याचा निकाल तपासायचा कशाशी?

दुसरी अडचण अशी, की न लढलेला माणूस नेहमी लढणाऱ्यापेक्षा चांगला दिसतो. त्याच्यावर अजून चिखलफेक झालेली नसते. १९९५ मध्ये निवृत्त जनरल कॉलिन पॉवेल चाचण्यांत अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या पुढे असायचे; त्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी उभं न राहण्याचं जाहीर केलं. डेमोक्रॅट मायकेल डुकाकिस १९८८ च्या जुलैमध्ये थोरल्या जॉर्ज बुश यांच्यापुढे १७ टक्क्यांनी होते आणि शेवटी ५० पैकी ४० राज्यं हरले.

मला सर्वांत जास्त चटका लावते ती २००४ ची निवडणूक. आयोवातल्या डेमोक्रॅट मतदारांचं मन हॉवर्ड डीन यांच्यावर बसलं होतं, पण जानेवारीत उमेदवार निवडण्यासाठी झालेल्या पक्षाच्या बैठकांत त्यांनी कौल दिला जॉन केरी यांना. 'फिरलो डीनबरोबर, लग्न केरीशी' अशा अर्थाचे बिल्ले लोक छातीवर लावून फिरत होते. हिशोब सरळ होता: केरी व्हिएतनाममध्ये लढलेले, पदकं मिळवलेले, म्हणजे युद्धकाळातल्या अध्यक्षापुढे, धाकट्या जॉर्ज बुश यांच्यापुढे, तेच टिकतील. ऑगस्टमध्ये हल्ला झाला तो नेमका त्या पदकांवर, आणि केरी २५१ विरुद्ध २८६ इलेक्टोरल मतांनी हरले. डीन जिंकले असते असं मी म्हणत नाही. पण इतक्या लोकांनी आपली आवड बाजूला ठेवली, ती शेजारी काय करेल या अंदाजापायी, हे विसरता येत नाही.

या अंदाजाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. २००७ मध्ये अनेक कृष्णवर्णीय मतदारांनाच शंका होती, की गोरी माणसं बराक ओबामांना मत देतील का. ३ जानेवारी २००८ ला आयोवाने, म्हणजे जवळजवळ पूर्ण गोऱ्या राज्याने, ओबामांना जिंकवलं आणि कृष्णवर्णीय डेमोक्रॅट मतदार मोठ्या संख्येने असलेल्या साउथ कॅरोलिनातली हवा फिरली. २०१९ च्या एका पाहणीत, मत कुणाला देणार यावर डेमोक्रॅट मतदारांनी सर्वाधिक जो बायडेन यांचं नाव घेतलं. जादूच्या कांडीने कुणालाही थेट अध्यक्ष करता आलं तर, असं विचारल्यावर सिनेटर एलिझाबेथ वॉरन पुढे आल्या. इतर लोक बाईला मत देणार नाहीत, ही धास्ती त्या दोन उत्तरांच्या मधे बसलेली होती.

आपल्याकडे टपरीवर विचारतात तसं "येणार कोण?" असं विचारणं मात्र कमी दर्जाचं नाही. अर्थतज्ज्ञ जस्टिन वुल्फर्स आणि डेव्हिड रॉथशिल्ड यांनी जुन्या निवडणुकांची आकडेवारी तपासली, तेव्हा "मत कुणाला?" पेक्षा "जिंकेल कोण?" या प्रश्नाची उत्तरं निकालाच्या जास्त जवळ निघाली. कारण उत्तर देणारा घरातल्यांचं, कामावरच्या सोबत्यांचं, गल्लीतल्यांचं मनही त्यात धरतो. फक्त तिथे उमेदवार खरे असावे लागतात, लोकांनी त्यांना वर्षभर पाहिलेलं असावं लागतं.

२ जुलै २०२४ ला रॉयटर्स-इप्सोसची चाचणी आली. डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध मिशेल ओबामा उभ्या राहिल्या तर त्या ५० विरुद्ध ३९ ने पुढे, असं त्यात होतं. त्या उभ्या राहणार नव्हत्या, आणि तसं आधीच सांगून झालं होतं. त्याच चाचणीत उपाध्यक्ष कमला हॅरिस ४२ विरुद्ध ४३ अशा एका टक्क्याने मागे होत्या. बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली, हॅरिस खरोखर उभ्या राहिल्या, आणि नोव्हेंबरच्या मोजणीत जिंकलेले ट्रम्प आणि त्या यांच्यातलं देशभरातलं अंतर निघालं साधारण दीड टक्क्याचं.