जिभेखालची गोळी नेमकं काय करते?

"गोळ्याच खाऊन राहिला ना अजून, मंग सुटलं कोठी?" यवतमाळ-वाशीम पट्ट्यात हा प्रश्न मी अनेक आईबापांकडून ऐकला आहे. कुणाचं पोरगं ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या पट्ट्यांना लागलेलं, कुणाचं कोडीनच्या खोकल्याच्या औषधाला, नागपूरला राहिलेलं एखादं ब्राउन शुगरला, म्हणजे कच्च्या हेरॉइनला. ही सगळी अफूवर्गातली. डॉक्टर हे व्यसन सोडवायला ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी सुरू करतात, पोरगं जेवायला लागतं, वावरात जायला लागतं, आणि मग घरात कुरबुर सुरू होते की एक नशा काढून दुसरी लावली. हा समज जीवघेणा आहे. शिवाय तो ज्या औषधाबद्दल आहे, त्याच्याइतका देखणा रेणू औषधशास्त्रात मला दुसरा दिसलेला नाही.

चेतापेशींच्या पृष्ठभागावर 'म्यू' नावाचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ठरावीक रेणू बसायच्या जागा, असतात. अफूवर्गातले सगळे पदार्थ तिथे बसतात. आपलं शरीर स्वतःही असे रेणू बनवतं, हे १९७५ मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी अॅबर्डीनला दाखवलं. त्यांना एन्केफॅलिन म्हणतात. बाहेरचा पदार्थ रोज, भरमसाट येऊ लागला की पेशी त्याच्याशी जुळवून घेते. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा चिमुकला पेशीसमूह आहे, तो नॉरअॅड्रेनालिन हे शरीराला खडबडून जागं ठेवणारं रसायन सोडतो. म्यू ग्राहक त्या पेशींमधलं अॅडेनिलिल सायक्लेज हे विकर (एन्झाइम) दाबतो, त्यामुळे सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू कमी बनतो आणि पेशी मंदावते. पेशी याला उत्तर म्हणून ते विकर वाढवत नेते. मग एक दिवस नशेची गोळी मिळाली नाही, की दाब उठतो, वाढलेलं विकर मोकाट सुटतं, सायक्लिक एएमपी उसळतो आणि नॉरअॅड्रेनालिनचा पूर येतो. घाम, अंगावर काटा, नाक गळणं, जुलाब, रात्रभर तळमळ, असे हाल होतात. बाप ज्याला 'नाटकं' म्हणतो, ते हे रसायन असतं.

ब्युप्रेनॉर्फिन १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हल इथे, अफूच्याच झाडातल्या थेबेनपासून तयार झालं. त्याचे दोन गुण महत्त्वाचे. पहिला, त्याची म्यू ग्राहकावरची पकड जबरदस्त आणि सुटका फार संथ. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं ते ग्राहक धरून बसतं, मागून आलेल्या हेरॉइनला किंवा ट्रॅमाडॉलला टेकायला जागाच उरत नाही. दिवसाला १६ मिलिग्रॅम घेतलं तर ८० टक्के किंवा त्याहून जास्त ग्राहक असे भरलेले असतात. दुसरा गुण, ते ग्राहकाला अर्धवटच चालू करतं. सवय झालेल्या शरीरात हाल थांबतील एवढं चालू करतं, पण झिंग चढेल एवढं नाही. डोस वाढवत नेला तरी एका टप्प्यानंतर श्वासावरचा परिणाम वाढत नाही. हेरॉइनला असा टप्पाच नसतो, म्हणून त्याने माणसं मरतात.

पकड घट्ट असल्यामुळेच पहिली गोळी हाल सुरू झाल्यावरच देतात. अंगात हेरॉइन असताना दिली तर ब्युप्रेनॉर्फिन त्या हेरॉइनला एका झटक्यात हुसकावतं आणि पोरगं तडफडतं. घरच्यांना वाटतं, औषध बाधलं.

गोळी गिळायची नसते, कारण गिळलेलं बहुतेक औषध यकृतच संपवतं. जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. आपल्याकडे खास सांगावं लागतं की तोंडात खर्रा असताना ती ठेवायची नाही, पिचकारीबरोबर डोसही जातो. विरघळल्यावर चूळ भरायची, दातांसाठी. बऱ्याच गोळ्यांत नॅलोक्सोन हे अफूवर्गाचा परिणाम उलटवणारं औषधही असतं. ते जिभेखालून जवळजवळ शोषलं जात नाही, पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर हाल सुरू करतं. गोळ्या कुलपात ठेवा. लहान भावंडाने एक जरी तोंडात टाकली तरी श्वास थांबू शकतो. दारू किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळीसोबतही वर सांगितलेली सुरक्षितता उरत नाही.

एसटी स्टँडच्या भिंतींवर 'पेशंटला न कळता जेवणातून द्या, नशा सोडवा' अशा पुड्यांच्या जाहिराती असतात. पुडीत काय आहे हे कुठेच लिहिलेलं नसतं. चालू औषधासोबत अज्ञात भुकटी पोराच्या भाजीत मिसळणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं आहे. तोच प्रकार गंडेदोऱ्याचा. बाबाने 'आता गोळी बंद' म्हटलं आणि घरच्यांनी ऐकलं, की धोका तिथून सुरू होतो.

कारण सहनशक्ती. महिनाभर काहीच न घेतलेल्या शरीराला जुना डोस पेलत नाही. सोयाबीनच्या सोंगणीत दवाखान्याची तारीख चुकली, किंवा लग्न जमतंय म्हणून बापाने गोळी बंद केली, पोरगं घसरलं आणि त्याने पूर्वीइतकंच घेतलं, तर झोपेतच श्वास थांबतो. घोरल्यासारखा आवाज, निळे ओठ, डोळ्यांच्या टाचणीएवढ्या बाहुल्या दिसल्या तर उजाडायची वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. औषध चालू असताना मृत्यूचं प्रमाण सुमारे निम्म्यावर येतं, म्हणून ते महिने नव्हे, वर्षंही चालू शकतं. कमी करायचं तर डॉक्टरच हळूहळू करतात. जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, व्यसनासाठी १४४४६ आहे.

आणि पोरगं गाडीवरून पडलं, हाड मोडलं, तर गावच्या डॉक्टरांना आधी गोळीचा कागद दाखवा. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं तर ते फारसं लागू पडणार नाही, म्यूच्या जागा आधीच भरलेल्या आहेत.