नवीन फोन धंद्याला लावताय? जुना लगेच देऊन टाकू नका

आमच्या दुकानातून फोन नेला की दोन दिवसांनी काही जण परत येतात, "भाऊ, व्यापाऱ्यांचे नंबरच गेले ना." नंबर कुठे जात नाहीत, ते जुन्या फोनच्या मेमरीत नाहीतर सिमवर पडलेले असतात आणि जुना फोन तोवर भाच्याला देऊन झालेला असतो. म्हणून नवीन फोनवर सगळं नीट चालतंय हे बघेपर्यंत जुना घरातच ठेवा, एक्स्चेंजची घाई नको.

आधी जुन्या फोनवरचे सगळे नंबर गुगल अकाउंटमध्ये टाका, मग तेच अकाउंट नव्यावर टाकलं की आपोआप उतरतात. धंद्याला वेगळं जीमेल काढलेलं बरं, कारण फुकट जागा १५ जीबीच मिळते आणि मेल, फोटो, व्हॉट्सॲपचा बॅकअप सगळं त्यातच, घरच्या लग्नाचे व्हिडिओ भरले की धंद्याचा बॅकअप बंद पडतो आणि आपल्याला पत्ताच नसतो.

व्हॉट्सॲपचं मात्र नीट वाचा. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर (धंद्यासाठीचं वेगळं ॲप) असा दोन्हीकडे चालत नाही. दोन सिम असतील तर घरचा नंबर साध्यावर, धंद्याचा बिझनेसवर. रावेर-सावद्याकडच्या केळीवाल्यांना हे फार कामाचं, गाडी भरताना फोटो आणि भाव एका ठिकाणी, मुलांच्या शाळेचे ग्रुप दुसरीकडे. रोज तेच तेच टाइप करावं लागतं (पत्ता, खाते नंबर, दुकानाची वेळ) ते बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये (तयार उत्तरं) एकदा सेव्ह करून ठेवा. जुने चॅट आणायचे तर जुन्या फोनवर सेटिंग, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स असं जा, दोन्ही फोनचं वायफाय चालू ठेवा आणि नव्यावर येणारा क्यूआर जुन्याने स्कॅन करा. हे नव्या फोनवर व्हॉट्सॲप पहिल्यांदा चालू करतानाच होतं, आधीच घाईत चालू करून बसलात तर परत काढून टाकावं लागतं.

यूपीआय बाजाराच्या दिवशी बदलू नका! ॲप बँकेत नोंदवलेल्या तुमच्या नंबरवरून एसएमएस पाठवतं, म्हणजे तेच सिम त्याच फोनमध्ये पाहिजे आणि एसएमएसला बॅलन्स पाहिजे. फोन बदलला की पहिले २४ तास मोठी रक्कम जात नाही. सिमसुद्धा नवीन काढलं असेल तर २४ तास एसएमएस बंद असतात, ओटीपीची वाट बघत बसू नका.

मेसेज उशिरा येतात अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा फोनमध्ये बिघाड नसतो, बॅटरी सेव्हर ॲपला झोपवतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲप आणि बँकेच्या ॲपवरची मर्यादा काढा. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन चार्जिंगला लावणं म्हणजे बॅटरीची वाटच.

स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, १५ आकडी आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर दिसेल (दोन सिमच्या फोनला दोन असतात), तो बिलावर आहे तोच आहे का बघा आणि बिलाचा फोटो दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर ठेवा. फोन हरवला तर पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्याच नंबराने ब्लॉक करता येतो. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

जुना फोन विकताना आधी त्यातलं गुगल अकाउंट काढा, मग रिसेट मारा, नाहीतर घेणारा पासवर्ड विचारत तुमच्या दारात.

हे सगळं आमच्याकडून करून घ्यायचं असेल तर दोन्ही फोन, सगळे सिम घेऊन सकाळी या, संध्याकाळी गर्दी असते. पासवर्ड आणि पिन मात्र तुम्हीच टाकायचा, आम्हाला सांगायचा नाही.