काहिलीवरची वाफ जाते कुठे?

परवा पहाटे करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो होतो. काहिलीत, म्हणजे गुळासाठी रस आटवायच्या मोठ्या कढईत, रस उसळत होता, मळी काढणं चाललं होतं आणि पत्र्याला भिडलेल्या वाफेचे थेंब मानेवर टपटपत होते. शेजारी उभा असलेला शेतकरी म्हणाला, "चुलवाण चांगलं असलं की सगळा जाळ रसालाच लागतो." हा समज सगळीकडे आहे. पण रसाला लागलेला जाळ रसात राहतो कुठे?

१ किलो पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची वाफ करायला लागतात २२५७, म्हणजे सातपट! आणि १०० किलो रसात जवळजवळ ८० किलो पाणीच असतं. वाफ करायला लागलेली ही सगळी उष्णता (हिलाच सुप्त उष्णता म्हणतात) छपरातून आभाळात जाते.

साखर कारखान्यात हीच वाफ पुन्हा राबवतात. अभियंते नॉर्बर्ट रिलिए यांनी १८४३ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट घेतलं. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्या भांड्यातल्या रसाला तापवते. तिथे दाब कमी ठेवलेला असल्याने रस कमी तापमानालाच उकळतो. कुकरच्या बरोबर उलट. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला.

मग भांडी दहा का नाहीत? इथेच खरी गंमत आहे. १०० टन पाणी उडवायला एका भांड्यात ढोबळमानाने १०० टन वाफ लागते, दोनांत ५०, तिनांत ३३, चारांत २५, पाचांत २०. दुसऱ्या भांड्याने ५० टन वाचवले, पाचव्याने फक्त ५. भांड्याची किंमत मात्र तेवढीच. शिवाय तापमानातला एकूण फरक सगळ्या भांड्यांत वाटला जातो, आणि घट्ट रस पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळत असल्याने प्रत्येक भांडं त्यातले थोडे अंश खातं. पुढच्या भांड्याचा खर्च त्याच्या बचतीतून निघेनासा झाला की थांबायचं.

गुऱ्हाळ वर्षातले मोजकेच महिने चालतं आणि जळण म्हणून घरचीच चिपाडं (रस काढून उरलेला उसाचा चोथा) असतात. तिथे अशा कमी दाबाच्या भांड्यांचा खर्च निघणं अवघड. पण धुराड्याकडे जाणाऱ्या गरम धुरावर दुसरी काहील बसवून कच्चा रस आधीच तापवता येतो. एकूण लागणाऱ्या उष्णतेचा साधारण आठवा हिस्सा त्यातच भागतो, आणि त्यासाठी लागतं थोडं वीटकाम अन् एक जुनी काहील.