गटारीनंतरचे चार दिवस

खानदेशात दारू सोडायचे मुहूर्त ठरलेले आहेत. गटारी झाली की श्रावण. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला पायी निघताना. लेकीचं लग्न जमल्यावर. कुणी माळ घालतो, कुणी आईच्या डोक्यावर हात ठेवतो. शपथ घेणारा त्या घडीला खोटं बोलत नसतो. तरी तिसऱ्या दिवशी तो अड्ड्यावर दिसतो आणि पारावरची मंडळी निकाल देऊन मोकळी होतात, "त्याच्या मनातच नाही!"

मनात असतं. पण मेंदूचं गणित तोवर बदललेलं असतं. चेतापेशींना शांत करणारं एक रसायन आहे, गाबा. चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते, म्हणून दोन घोटांत जीव सैलावतो. वर्षानुवर्षं रोज पीत राहिलं की मेंदू जुळवून घेतो: गाबाला दाद देणं कमी करतो, ग्लुटामेटची बाजू वाढवून ठेवतो. केळीनं भरलेला ट्रक कायम ब्रेकवर पाय ठेवून हाकायचा असेल तर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरही तेवढाच दाबून धरणार. श्रावणाच्या पहिल्या दिवशी ब्रेकवरचा पाय एकदम निघतो.

शेवटच्या घोटाला सहा-आठ तास झाले की हात थरथरायला लागतात. बशी ओठापर्यंत नेताना अर्धा चहा अंगावर सांडतो, म्हणून तो चहाच नको म्हणतो. मळ्यात गेला तर कोयता धरवत नाही. घाम, मळमळ, छातीत धडधड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींचं भान सुटतं: भिंतीवर मुंग्या, अंथरुणात साप, कधीच वारलेला भाऊ दारात उभा. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि भगताकडे नेतात. वैद्यकात याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. याउलट सुरुवातीलाच एक क्वार्टर पोटात गेली की थरथर थोड्या वेळात थांबते. गावाला ती चैन वाटते. तो मात्र त्या वेळी फक्त हात स्थिर करायला पीत असतो.

मग सगळेच का अडकत नाहीत? सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे मोहाची दारू पूजेला लागते, लग्नाला लागते. तीच दारू, तेच सण, आणि बहुतेकजण दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांतून दिसतं की हा धोका जवळपास निम्मा आनुवंशिक असतो. त्याचं एकच असं जनुक नाही, बारीकसारीक पुष्कळ आहेत. बाकीचं ठरतं ते पहिला घोट कोणत्या वयात घेतला, घरात काय चालू होतं, नैराश्य होतं का, बाटली किती सहज हाताला लागते यावर.

शरीर निवळलं तरी ओढ जात नाही. बाजाराचा दिवस, मजुरीचे पैसे, ठरावीक मित्राच्या मोटरसायकलचा आवाज, एवढ्यानंही मेंदूत डोपामिनची, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या रसायनाची, यंत्रणा जागी होते, आणि 'नको' म्हणणारा कपाळामागचा भाग दारूनं आधीच दुबळा केलेला असतो. सहा महिन्यांनी पुन्हा पिणं हे म्हणून आजाराचंच लक्षण आहे.

अमेरिकन मेडिकल असोसिएशननं 1956 साली याला आजार म्हटलं. आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतही दारूच्या दुरुपयोगातून होणारे मानसिक विकार येतात. आजार म्हटल्यानं बायकोवर उगारलेला हात माफ होतो का? अजिबात नाही. उलट उपचार घ्यायची जबाबदारी आली. पण 2019 च्या केंद्र सरकारच्या पाहणीत दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाला होता.

उपचार आहेत. पहिल्या आठवड्यात थरथर आणि फिट रोखणाऱ्या गोळ्या, डॉक्टरच्या नजरेखाली हळूहळू कमी करत नेलेल्या. सोबत ब-1 जीवनसत्त्व. आपल्याकडे 'सलाईन लावा, बरं वाटेल' ही फार आवडती मागणी. पण पिणाऱ्याच्या शरीरात ब-1 बहुधा कमीच असतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पुढं ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारख्या गोळ्या, समुपदेशन, आणि 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच संघटनेच्या धर्तीवरच्या बैठका.

डायसल्फिरॅम नावाची गोळीही असते. ती घेऊन दारू प्यायली की उलट्या होतात, तोंड लाल होतं, रक्तदाब कोसळतो. हीच गोळी कधी कधी घरची माणसं वरणात चुरून देतात, त्याला न सांगता. हे करू नका, जीव जाऊ शकतो.

म्हणजे शपथ घ्यायचीच असेल तर आधी दवाखाना गाठावा. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446. सोबत जाणाऱ्यानं दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: शेवटचा घोट कधी घेतला, आणि याआधी सोडली होती तेव्हा फिट आली होती का. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.