कॅरोटिड स्टेंटिंग

मेंदूला रक्त पुरवणारी मानेतील कॅरोटिड रोहिणी अरुंद झाल्यास तिच्यात धातूची जाळीदार नळी (स्टेंट) बसवून ती मोकळी ठेवण्याची प्रक्रिया. मानेच्या दोन्ही बाजूंना ही रोहिणी असते आणि जबड्याखाली जिथे तिला फाटे फुटतात, तिथे चरबीचा थर साचतो. त्यातून सुटलेली गुठळी मेंदूत अडकली की पक्षाघात होतो. धूम्रपान, मधुमेह व उच्च रक्तदाबाने हा थर वाढतो.

पुष्कळदा आधी इशारा मिळतो. हात लुळा पडतो, जीभ जड होते किंवा एका डोळ्यापुढे पडदा येतो आणि काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या धांदलीत हातातली कात्री गळून पडली आणि थोड्या वेळाने हात चालू लागला, तर माणूस पुन्हा वेलीकडेच वळतो. खरा धोका इथे आहे, कारण मोठा झटका येण्याची शक्यता पुढच्या काही दिवसांतच सर्वाधिक असते. मानेची डॉप्लर सोनोग्राफी लगेच व्हायला हवी, आणि रोहिणी बरीच अरुंद आढळली तर उपचार शक्यतो २ आठवड्यांच्या आत. सुरगाणा, पेठच्या पाड्यांवरून शहर गाठण्यातच वेळ जातो. हात बरा झाला म्हणून घरी थांबणे परवडणारे नाही.

कॅथलॅबमध्ये (रक्तवाहिन्यांत नळी घालून उपचार करण्याच्या खोलीत) बहुधा जागेवरची भूल देऊन जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मानेपर्यंत नेतात. अरुंद भागापलीकडे छत्रीसारखी उघडणारी गाळणी ठेवतात, म्हणजे सुटलेले कण मेंदूत जात नाहीत. मग फुगा फुगवून अरुंद भाग रुंद करतात व स्टेंट बसवतात. फुगा फुगताना नाडी आणि रक्तदाब एकदम उतरू शकतात, म्हणून त्यावरची औषधे हाताशी असतात. रुग्ण जागा असल्याने त्याला बोलते ठेवून, मूठ वळायला सांगून मेंदूवर लक्ष ठेवता येते.

मान उघडून थर काढण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून होते आणि ती मागे पडलेली नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २,५०२ रुग्णांच्या ‘क्रेस्ट’ चाचणीत स्टेंटच्या गटात उपचाराच्या सुमारास पक्षाघात अधिक (४.१ विरुद्ध २.३ टक्के), तर शस्त्रक्रियेच्या गटात हृदयविकाराचे झटके अधिक आढळले. सत्तरीपुढे शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. हृदय कमजोर असेल किंवा मानेला पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर स्टेंट बरा.

गेलेली ताकद स्टेंटने परत येत नाही. तो पक्षाघाताचा पुढचा झटका टाळण्यासाठी असतो. नंतर निदान ४ आठवडे अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणारी दोन्ही औषधे घ्यावी लागतात, पुढे सहसा एक गोळी कायम. घरी गेल्यावर डोके असह्य दुखले किंवा फिट आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.