अंगणातल्या दिव्याला काय दिसतं?

कोकणातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा बसवला. पहिल्याच संध्याकाळी तो लागला, विझला, पुन्हा लागला आणि रात्रभर तसाच लुकलुकत राहिला. सेन्सर खराब निघाला म्हणून दुसरा आणला, तर त्याचंही तेच. शेवटी वायरमननं सेन्सर काढला, भिंतीकडची त्याची बाजू फिरवून बाहेरच्या आंब्याकडे केली, आणि दिवा नीट चालू लागला.

दोन्ही सेन्सर चांगलेच होते. दिवा लागला की उजेड चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पडायचा, तिथून सेन्सरवर यायचा, आणि त्याला वाटायचं सकाळ झाली. दिवा विझला की पुन्हा रात्र. घराबाहेरचे स्वयंचलित दिवे निवडताना आपण वॅट बघतो, किंमत बघतो. त्या दिव्याला नेमकं काय दिसतं, हे मात्र विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा.

अंधार ओळखणाऱ्या स्वस्त सेन्सरमध्ये कॅडमियम सल्फाइडची नागमोडी पट्टी असते. तिच्यावर उजेड पडला की तिचा विद्युतरोध काही हजार ओहमपर्यंत उतरतो, आणि अंधारात तो दहा लाखांच्या घरात जातो. कॅडमियम विषारी असल्यामुळे आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी सिलिकॉनचे प्रकाशसंवेदक वापरतात, पण तत्त्व तेच. जुलैतल्या दुपारी चार वाजता आभाळ काळं झालं तर हा दिवा लागतो, आणि ते बरोबरच आहे. घड्याळाच्या टायमरला मात्र आभाळ दिसत नाही. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सातवीसला. म्हणजे साडेसहाला लावलेला टायमर वर्षातून दोनदा तरी हातानं बदलावा लागतो. अक्षांश-रेखांश घालून रोजचा सूर्यास्त स्वतः काढणारे टायमर मिळतात, पण त्यात आपल्याच गावाचे आकडे घालायला हवेत. नागपूरचा सूर्य मुंबईच्या वीस ते तीस मिनिटं आधी मावळतो.

हे दोन्ही प्रकार फाटकापाशी किंवा जिन्यात ठीक. मागच्या वाटेवर, न्हाणीघराकडे, गोठ्याकडे रात्रभर दिवा कशाला? तिथे माणूस आला की लागणारा दिवा हवा. दहा वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तर वर्षाला सुमारे ४४ युनिट जातात. रोज अर्धा तासच जळला तर दोनसुद्धा नाहीत. सेन्सरची स्वतःची थोडी वीज त्यात मिळवा.

माणूस ओळखणारा सगळ्यांत प्रचलित सेन्सर म्हणजे पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड). तो स्वतः काहीच सोडत नाही, फक्त बघतो, आणि बघतो ती उष्णता. आपली त्वचा साधारण ३४ अंशांवर असते आणि तिच्यातून सतत अवरक्त किरण निघतात. त्यांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. डोळ्यांना दिसणारा उजेड ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचा, त्यामुळे हे तेज आपल्याला दिसत नाही. आत एक खास स्फटिक असतो. त्याचं तापमान बदललं की त्याच्या कडांवर विद्युतभार येतो. या गुणाची ओळख जुनी आहे. श्रीलंकेतून डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेलेला तुरमलीन खडा तापवला की राख स्वतःकडे ओढतो, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लोकांच्या लक्षात आलं होतं.

सेन्सरवरचा तो दुधी, जाळीदार घुमट ही त्याची भिंगं. दुधाच्या पिशवीचं असतं त्याच कुळातलं हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिन. काच इथे चालत नाही, कारण साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत. म्हणून खिडकीच्या आत लावलेला पीआयआर बाहेरच्या माणसाला आंधळा असतो. घुमटावरच्या रेघांची युक्ती फ्रेंच अभियंता फ्रेनेलची. त्यानं ती दीपगृहांसाठी काढली आणि १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या दीपगृहात तिच्यामुळे उजेड समुद्रावर लांब गेला. आपल्या पडवीत तीच युक्ती उलटी चालते आणि बाहेरची उष्णता आतल्या स्फटिकाच्या ठिपक्यावर गोळा होते.

आता महत्त्वाचं. त्या ठिपक्याचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. ऊन-सावलीनं सगळंच एकदम तापलं-निवलं तर दोघांचं उत्तर एकमेकांना खोडून काढतं. माणूस आडवा गेला की आधी एक भाग तापतो, मग दुसरा, आणि दिवा लागतो. माणूस सरळ सेन्सरच्या रोखानं आला तर दोन्ही भागांना जवळपास सारखंच दिसतं आणि दिवा उशिरा लागतो. बहुतेक घरांत सेन्सर दाराच्या डोक्यावर, वाटेच्या अगदी समोर लावतात. तो वाटेच्या बाजूच्या भिंतीवर, सात-आठ फुटांवर लावावा, म्हणजे येणारा त्याच्यापुढून आडवा जाईल.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात रात्री आठलाही हवा आणि भिंती माणसाच्या त्वचेइतक्याच तापलेल्या असतात. मग माणूस आणि भिंत यांत फरक काय उरला? डिसेंबरात तीस फुटांवरून ओळखणारा सेन्सर तेव्हा दहा फुटांवर आल्याशिवाय दाद देत नाही. तो बिघडलेला नसतो. म्हणून चालून बघायची चाचणी उन्हाळ्यातल्या संध्याकाळी करावी.

आणि साप. रत्नागिरीकडे फुरसं, सगळीकडे मण्यार, ही खरी भीती आहे आणि रात्रीच्या दिव्याचं मोठं कारणही. पण सापाचं अंग आसपासच्या जमिनीइतकंच थंड किंवा गरम असतं, त्यामुळे पीआयआरला साप दिसत नाही. वाटेवर साप आला म्हणून दिवा लागेल, असं कुणी समजू नये. दिवा आपल्याला बघून लागतो, तेव्हा आपण पायरी उतरण्याआधीच त्यानं आपल्याला बघायला हवं. सेन्सरचा रोख उंबऱ्यावर आणि पहिल्या पायरीवर हवा, आणि उजेड पुढच्या वाटेवर.

बल्बच्या आतच सेन्सर असलेले दिवे बहुधा रडारचे असतात. ते ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींतला बदल मोजतात. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या माणसामुळे तो बदल जेमतेम ३९ हर्ट्झचा असतो, पण तेवढा पुरतो. उन्हाळ्याचा याला काही फरक पडत नाही. अडचण अशी की केळीची पानं हलली, पत्र्यावरून पावसाच्या धारा पडल्या, पातळ दाराच्या आत कुणी फिरलं, तरी हा लागतो. कोकणातल्या अंगणात मी तो लावणार नाही. शहरातल्या बंद जिन्यात मात्र जरूर लावीन.

पावसासाठी आयपी ६५ लिहिलेला दिवा घ्यावा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो. वायर आत घेताना खाली झोल द्यावा, नाहीतर पाणी वायरीवरून सरळ दिव्यात उतरतं. सौर दिव्यांना अंधार ओळखायला वेगळा डोळा लागत नाही, पॅनेलच तो असतो. पण जुलैत ढगांखाली बॅटरी भरत नाही, आणि कोकणात वाटेवरच्या दिव्याची खरी गरज तेव्हाच असते.

राहिला उजेडाचा रंग. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र उजेडात निळा भाग जास्त असतो आणि त्याच्याभोवती किडे जास्त जमतात. किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, त्यांच्यामागे साप. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा घ्या. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपून दाखवलं की किडे दिव्याकडे ओढले जात नाहीत, ते उजेडाकडे पाठ करून उडतात. एरवी रात्रीही आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे पाठ तिकडे ठेवली की वर-खाली कळतं. दिव्यापाशी हा हिशेब चुकतो आणि ते त्याच्याभोवती गरगरत राहतात. म्हणून दिव्याला वरून टोपी असावी आणि उजेड फक्त जमिनीवर पडावा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं ठिकाण, म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी परिसरातल्या गावांमध्ये रस्त्यावरचे दिवे असेच खाली तोंड करून बसवले गेले.

आमच्या मागच्या वाटेवर आता पाच वॅटचा पिवळा दिवा आहे, बाजूच्या भिंतीवर पीआयआर आहे आणि दिवा किती वेळ लागून राहावा हे ठरवणारं त्याचं टाइमचं बटण एका मिनिटावर आहे. सेन्सरला वळसा घालून दिवा सतत चालू ठेवणारं एक साधं बटण मुद्दाम घरात घेतलं आहे, रात्री खुट्ट झालं तर उठून लावायला. त्या बटणाशेजारी दिवा पूर्ण बंद करायचंही एक आहे. मेच्या शेवटी, पाऊस टेकला की कुंपणाच्या करवंदांवर काजवे येतात. त्यांचे नर-मादी लुकलुकण्यावरूनच एकमेकांना शोधतात आणि आपल्या दिव्यानं त्यांची खूण पुसली जाते. ते पंधरा-वीस दिवस आई ते दुसरं बटण बंद ठेवते आणि हातात बॅटरी घेऊन जाते.